तिसरा रकाना

शालिकभाऊ, शनिवारी तुमच्या शोकसभेत ते पाण्याचं गाणं वाजवलं. पूर्ण वाजवलं, शेवटच्या आलापापर्यंत. शाळेच्या मैदानात, लग्नात लावतात तेवढ्या मोठ्या स्पीकरवर. सूत्रसंचालन करणाऱ्यानं आधी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "आता आपण सरांचं सर्वांत आवडतं गाणं ऐकू या आणि त्यांना आदरांजली वाहू या." सगळे मान खाली घालून उभे राहिले. मीही राहिले.

मला किळस आली. दुःख त्याआधीचे नऊ दिवस होतंच, पण शनिवारी दुःखाला जागाच उरली नाही. ज्या गाण्यावर तुम्ही भरल्या ताटावरून उठायचे, ते गाणं तुमच्या फोटोला हार घालून तुमच्याच नावानं वाजवलं. रिसोडला आपल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नात तुम्ही जिलेबी तशीच टाकून उभे राहिलेले मला आठवतं. मी म्हटलं, "बसा ना बाप्पा, एक गानंच तं हाय." तुम्ही म्हणाले, "ताई, तुमी जेवा. माह्याच्यानं हे ऐकवत नाई." आणि मांडवाच्या बाहेर मोटारसायकलींच्या गर्दीत गाणं संपेपर्यंत उभे राहिले. तुमच्याबरोबर बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढलेल्या माणसाला एवढंही माहीत नसेल, तर त्यानं श्रद्धांजली वाहू नये. घरी बसावं.

पण माहीत नव्हतं असं तरी कुठं आहे? तुम्ही नववीला शिकवलेली निदान दीडदोनशे जुनी पोरं मैदानात होती. त्यातल्या प्रत्येकानं ते गाणं तुमच्या वर्गात ऐकलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाचा धडा आला की तुम्ही तो निळा स्पीकर काढायचे, मूठ तुटलेला, सुतळीनं बांधलेला. त्याच्या आधी टेप होता. गाणं लावायचे. हिंदी सिनेमातलं, त्या वेळी सगळीकडे वाजणारं. तळं, नाव, नावेत दोघं, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणं, खिदळणं. पोरं माना डोलवायची. गाणं संपलं की तुम्ही दार उघडायचे आणि तुमची माय आत यायची. दरवर्षी. नऊवारी नेसून, काठी टेकत, पाहुण्यासारखी.

एकदा माझा तास मोकळा होता म्हणून मी मागच्या बाकावर बसले होते. तुम्ही मायला विचारलं, "माय, हे गानं वाजे तवा तू कुठं होती?"

"सडकेच्या कामावर. गोटे फोडत होतो आमी. मुकादमाचा रेडू होता, रोज दुपारी हेच गानं लागे. तुले झाडाले झोयी बांधून त्याच्यात टाकलं होतं."

"आन् हे गानं वाजे तवा काय वाजत नव्हतं?"

माय जरा थांबली. तिला हा प्रश्न दरवर्षी येत होता, तरी ती दरवर्षी थांबायची. मग म्हणाली, "बैलाईचे घुंगरू. बैलंच राह्यले नव्हते ना गावात. लोकाईनं चाऱ्यापायी सोडून देले. संध्याकाळी घरी याचो तं गाव मुकं लागे. मुकादमाच्या रेडूत पानीच पानी, आन् आमी दिवसातून एक डाव तोंड धूत नव्हतो, बाप्पा."

मी मराठीची बाई. 'करुणरस' शिकवते, व्याख्येसकट. तो करुणरस मला त्या दिवशी मागच्या बाकावर बसून समजला आणि समजला याचा राग आला.

कारण आपलं भांडण तिथूनच होतं. तुम्ही रुजू झाला त्या वर्षी माझ्या कवितेच्या तासाला भिंतीपलीकडून ढोलकी वाजायला लागली. मी खडू आपटून तुमच्या वर्गात आले. तुम्ही खुर्चीवर उभे राहून पोरांना सांगत होते की हे गाणं निघालं तेव्हा गावात पहिला टेपरेकॉर्डर आला होता, तो कोणाच्या घरी आला, आणि त्याच्या ओसरीवर कोणाला बसू दिलं आणि कोणाला अंगणात उभं ठेवलं. मी दारातून म्हटलं, "सर, ही शाळा हाय, मांडव नाई." तुम्ही हसत म्हणाले, "ताई, तुमची कविता पोराईले परीक्षेपुरती पाठ राह्यते. हे गानं मरेपर्यंत पाठ राह्यते. मंग थे मरेपर्यंत उपयोगी काहून पडू नाई?"

मी म्हटलं, "ही उथळ करमणूक हाय."

हे दोन शब्द मी तुम्हाला वीस वर्षं ऐकवले. स्टाफरूममध्ये, डब्याच्या वेळी, सहलीच्या बसमध्ये. तुम्ही गाण्याच्या नावानं एक सूरही धड काढू शकत नव्हते, तुमचा आवाज म्हणजे वंगण न घातलेली बैलबंडी. मी म्हणायची, ज्याला गाता येत नाही त्यानं गाण्यावर इतिहास शिकवू नये. तुम्ही म्हणायचे, "राजे लोकाईवर शिकवतो, तं मी काय राजा हाय?" आणि माझ्या डब्यातली पातोडीची भाजी न विचारता घ्यायचे. मी नाकानं कांदे सोलत होते, तुम्ही माझी भाकर खात होते. असं चाललं होतं आपलं.

मग ती वही आली. जाड, लाल बांधणीची, हजेरीपटासारखी आडवी. नववीच्या पुस्तकात साठनंतरचा भारत. तुम्ही म्हणाले, साठनंतरचा भारत आपल्या गावात वरातीच्या वाटेनं आला. पोरांना घरचा अभ्यास दिला: आजीआजोबांचं लग्न, आईवडलांचं लग्न, काकाचं, ताईचं. नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, मारुतीच्या पारावर गेला तेव्हा काय वाजलं? प्रत्येक लग्नाखाली तीन रकाने. पहिला, वाजलं. दुसरा, वाजलं नाही. तिसरा, कोणामुळं.

आधी सगळे हसले. पोरंही हसली. एकानं लिहून आणलं, 'वाजलं : टेप. वाजलं नाही : बँड. कोणामुळं : मामा, सुपारी द्यायला उशिरा गेला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'वाजलं नाही : काहीच. कोणामुळं : देव.' तुम्ही ते खोडलं आणि विचारलं, देवानं काय केलं होतं? कळलं की नवरदेवाच्या चुलत्याला आदल्या दिवशी शेतात साप चावला होता. तुम्ही त्या पोराला लिहायला लावलं, 'कोणामुळं : साप.' म्हणाले, "देवाचं नाव लिवलं की बाकीचे सुटतात."

वर्षं गेली तशी वही भरत गेली आणि मला, माझ्या मनाविरुद्ध, ती वाचाविशी वाटायला लागली. डफडं, सनई, मग बँड, मग कॅसेट, मग डीजे. केनवडचा बँड बंद पडला त्याची तारीख कुठल्या कागदात नाही, तुमच्या वहीत होती. त्या वर्षानंतर 'क्लॅरनेट' हा शब्द पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात गेला. रामनवमीला पोरांना घेऊन तुम्ही फाट्यावर उभे राहायचे आणि पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर कोणतं गाणं आहे ते लिहून घ्यायचे. ऊस तोडायला गेलेले तांडे पश्चिमेकडून कोणत्या चाली घेऊन आले, तेही होतं. लोक तुम्हाला येडा मास्तर म्हणायचे. तुम्हाला ते आवडायचं, हे मला माहीत आहे. फार नम्र असल्याचं सोंग तुम्ही कधी केलं नाही.

मी एकच म्हणायची. तिसरा रकाना काढून टाका.

"वाजलं लिवा, नाई वाजलं लिवा. तिसरा रकाना कायले पायजे, शालिकभाऊ? गावात राह्यचं हाय आपल्याले."

"ताई, तिसरा नसला तं थो इतिहास नाई. थे पंचांग हाय."

"पंचांगावर लोक भांडत तं नाई."

"म्हनूनच तं थे भिंतीवर टांगतात."

हे भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही गेल्यावर मला कळलं की त्यात मी हरावं एवढीच माझी इच्छा होती, आणि तुम्ही ऐन वेळी मला जिंकू दिलं. ते पुढं सांगते.

तीन वर्षांपूर्वी सुजाता नववीत होती. नदीकाठच्या वस्तीतली, अक्षर टपोरं, बोलणं कमी. तिनं आजीच्या लग्नाचं पान लिहून आणलं. 'वाजलं : सनई आणि डफडी, पारापर्यंत. वाजलं नाही : पारापासून नदीपर्यंत काहीच नाही. वाजवणाऱ्यांनी डफडी काखेत दाबून धरली आणि सगळे खाली पाहत चालले. आजी म्हणते, तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या तेवढ्याच, तर सासूनं हात धरला. कोणामुळं : दौलतराव पाटील. पारापासून पुढं त्यांचं घर.'

तुम्ही ते वाचलं. एक शब्द बदलला नाही. दरवर्षीसारखी निवडक पानं मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून नववीच्या भिंतीवर लावली, त्यात सुजाताचं लावलं. मी सकाळी पाहिलं आणि ते नाव दोनदा वाचलं. दौलतराव पाटील म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे वडील. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं फोटो आहे त्यांचा, रोज उदबत्ती लागते.

दुपारपर्यंत अध्यक्ष आले. बूट न काढता वर्गात गेले आणि भिंतीवरचे कागद फाडले. सगळेच. सापाचं लग्नही फाडलं. पोरं बाकावर बसलेली, सुजाता तिसऱ्या बाकावर. तुम्ही खिडकीजवळ उभे होते. तुम्ही खाली वाकून एकेक तुकडा उचलत राहिले, आणि अध्यक्ष निघून गेल्यावरही उचलत होते. हे मी दारातून पाहिलं. दारातून पाहणं मला चांगलं जमतं.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मॅडम, सरले एक ताकीदपत्र द्या लागते. अध्यक्षांचा हुकूम हाय. जरा वजनदार पायजे. तुमच्यासारखं मराठी कोनाचं हाय इथं?"

शालिकभाऊ, आता ऐका. मी भीतीपोटी लिहिलं असं मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं. नोकरी, घर, लोक काय म्हणतील. भीती होती, खोटं नाही. पण नुसती भीती असती तर मी दोन ओळी खरडून दिल्या असत्या. मी मन लावून लिहिलं. दोनदा कच्चं केलं. 'आपण अभ्यासक्रमाशी संबंध नसलेली उथळ करमणूक वर्गात आणून विद्यार्थ्यांच्या मनात गावातील जुन्या गोष्टींविषयी विनाकारण कटुता निर्माण करीत आहात.' ही ओळ जमली तेव्हा मला बरं वाटलं. वीस वर्षं तुमच्यापुढं शब्दात हरत आले होते, आणि आता माझा शब्द शाळेच्या शिक्क्यानं तुमच्यापुढं जाणार होता. मला मजा आली. हे लिहिताना मला माझ्याच हाताची शिसारी येते.

कचेरीतल्या बाबूंनी ते टाइप केलं, मुख्याध्यापकांनी सही ठोकली. माझं नाव कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी तुम्ही आले, माझ्या शेजारी बसले, भाकर मोडली आणि म्हणाले, "ताई, आज पातोडी बेस झाली." मी मनात म्हटलं, यांना माहीत नाही. सुटले. आणि तुम्हाला अजून एक वाढली.

त्यानंतर तीन वर्षं भिंतीपलीकडून काही आलं नाही. तुम्ही पुस्तक वाचून दाखवायचे, पोरं खाली रेघा ओढायची. स्पीकर प्रयोगशाळेच्या कपाटात गेला, चंचुपात्रांच्या मागं. दुष्काळाचा धडा एका तासात संपायला लागला आणि माय शाळेत यायची बंद झाली. माझ्या कवितेच्या तासाला आता छान शांतता असायची. कविता त्या शांततेत मेल्यासारखी पडून राहायची. एकदा मीच तुम्हाला म्हटलं, "शालिकभाऊ, एखादं गानं तं लावा." तुम्ही म्हणाले, "आता कायले?" एवढंच. त्या 'कायले'मध्ये माझ्यासाठी काही होतं का, हे मी तेव्हा शोधलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तीन वर्षं खवखवलंच नाही, इतकी मी निगरगट्ट.

मग तुम्ही गेले. कसे, कधी, ते फलकावर लिहिलंय, मला त्यात जायचं नाही. पाचव्या दिवशी मुख्याध्यापक माझ्याकडे आले. "मॅडम, अध्यक्षांले शोकसभेत बोला लागते. जरा भाषन लिवून द्या. तुमच्यासारखं मराठी कोनाचं हाय इथं?"

तेच वाक्य. शब्दाशब्दानं तेच. आणि मी ते भाषणही लिहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "किती मिनिटाचं पायजे?" मेल्या म्हशीला मणभर दूध असतं. मी ते मणभर काढून दिलं. 'शालिक सर म्हणजे आमच्या संस्थेचा सुरेल इतिहास. त्यांच्या अभिनव अध्यापनाला आम्ही सदैव उत्तेजन दिले.' अध्यक्षांनी 'सदैव'वर जोर दिला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं डोळे पुसले. मागं फ्लेक्स होता, त्यावर तुमचा फोटो कोणाच्या तरी कोटावर चिकटवलेला आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे बारा फोटो, गॉगलसकट. दुनियेतला सगळा ओंगळपणा त्या एका मैदानात गोळा झाला होता आणि त्याचं मराठी माझं होतं.

आणि मग ते गाणं.

माय पहिल्या रांगेत होती. अध्यक्षांनी तिला नुकतीच शाल पांघरली होती. पहिली ओळ वाजली आणि ती उठली. शाल खुर्चीवर ठेवली, नीट घडी करून. काठी घेतली आणि दोन्ही रांगांच्या मधून चालू लागली. लोकांना वाटलं, म्हातारीला पोराच्या आठवणीनं सहन झालं नाही. मुख्याध्यापकांनी कोणाला तरी पाणी घेऊन मागं पाठवलं. पाणी, शालिकभाऊ. त्या गाण्यावर तिला पाणी पाठवलं.

तुमची जुनी पोरं मान खाली घालून उभी होती. त्यांच्यातल्या दोघातिघांनी वर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाई काहीतरी म्हणतील असं त्यांना वाटलं असावं. गाणं संपलं. चहा आला. मी तो प्याले.

रविवारी मी तुमच्या घरी गेले. माय ओट्यावर तूर पाखडत बसली होती, सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "तू होती ना तथी?"

"होती."

"तुले तं मालूम होतं थे गानं."

"होतं, माय."

"मंग?"

तिनं सुपातला कोंडा उडवला. मग म्हणाली, "थे शाळेचं पत्र आलं होतं ना, त्यानं मले वाचून दाखोलं. म्हने, माय, सही सायबाची हाय पन बोलनं नलूताईचं हाय. उथळ का काय थे. म्हने, वीस वरसं झाले हे माह्याच डोक्यात वाजून राह्यलं, मी वळखनार नाई का?"

मी ओट्यावर खाली बसले. विचारलं, "रागावले होते?"

"रागावला तं जेवला असता का दुसऱ्या दिवशी तुह्या डब्यातलं? रडला थोडासा. मंग म्हने, बाई लिवते बाकी सुंदर."

मग ती आत गेली आणि ती लाल वही घेऊन आली. म्हणाली, दवाखान्यात नेताना सांगितलं होतं त्यानं, नलूताईले दे.

मी वही तिथंच उघडली. शेवटचं पान भरलेलं होतं. वर सुजाताच्या आजीचं लग्न, तिच्याच टपोऱ्या अक्षरात, अध्यक्षांच्या बापाच्या नावासकट. त्याच्या खाली तुमच्या हातानं नवी नोंद. लग्नाच्या जागी लिहिलेलं, 'नववीचा वर्ग.' पहिला रकाना, वाजलं : 'शाळेची घंटा.' दुसऱ्या रकान्यात, वाजलं नाहीच्या खाली, ते ताकीदपत्र घडी करून चिकटवलेलं. आणि तिसरा रकाना कोरा.

कोरा, शालिकभाऊ. साप लिहिणाऱ्या माणसानं कोरा ठेवला. देवालासुद्धा सुटू न देणाऱ्यानं मला सोडलं. तुम्हाला वाटलं असेल मी डोळ्यांतून पाणी काढीन, तुमचा मोठेपणा पाहून हात जोडीन. मी हात जोडले नाहीत. मला तुमचा संताप आला. कोणी सांगितली होती ही मेहेरबानी? सुजाताच्या आजीची वरात मुकी करणाऱ्याचं नाव लिहायचं आणि आपल्या शेजारी बसून भाकर खाणारीचं लिहायचं नाही, हा कुठला इतिहास? हेच तर मी सांगत होते ना तुम्हाला वीस वर्षं, की तिसरा रकाना सोडून द्या, गावात राहायचं आहे? तुम्ही सोडला, तो माझ्याचसाठी. मी जिंकले आणि मला ओकारी आली.

तरी तुम्ही माझ्या डब्यातलं जेवले, ते मी विसरणार नाही. तोंडात घास घेताना तुम्हाला सगळं माहीत होतं. ती दुसरी पातोडी मी वाढली आणि तुम्ही खाल्ली. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला माहीत नाही, आणि मानू की नको तेही कळत नाही.

आज सोमवार. तुमचा तिसरा तास, नववी, नवीन माणूस येईपर्यंत माझ्याकडे दिलाय. मी वही घेऊन गेले. कपाटातून स्पीकरही काढला होता, पण लावला नाही, उगाच टेबलावर ठेवला. पोरांनी वही ओळखली. घरोघरी तिच्या गोष्टी पोचल्या आहेत. मी काही सांगायच्या आत मागून एकीनं विचारलं, "मॅडम, पाहू का?" ती करुणा, सुजाताची धाकटी बहीण. तसंच टपोरं अक्षर, पण बोलणं भरपूर.

मी वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, शेवटचं पान मोठ्यानं वाच. तिनं आजीचं लग्न वाचलं. बांगड्यांपाशी तिचा आवाज हलला नाही. त्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मग तिनं पत्र उलगडलं आणि तेही वाचलं, 'उथळ करमणूक'सकट. वाचताना एकदा अडखळली, 'कटुता' शब्दापाशी. मी अर्थ सांगितला.

मग तिनं विचारलं, "मॅडम, हा रकाना खाली काहून हाय? सर खाली ठेवतच नव्हते म्हने. माही ताई सांगते."

"सरांना माहीत होतं. त्यांनी लिहिलं नाही."

"सही तं हेडसरची हाय."

"सही त्यांची आहे. लिहिलं मी."

वर्गात कोणाची तरी पाण्याची बाटली बाकावरून खाली पडली आणि घरंगळत माझ्या पायापाशी आली. कोणी उचलायला आलं नाही. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मी रडेन, किंवा कोणी उठून मुख्याध्यापकांना सांगायला जाईल. तसं काही झालं नाही. करुणानं कंपासपेटी उघडली, पेन काढला, टोपण दातात धरलं. उद्धटपणे नाही, राग धरूनही नाही. फळ्यावर तारीख घालू का विचारावं तसं तिनं विचारलं.

"मंग मॅडम, तुमचं नाव लिवू?"

मी म्हटलं, "लिही. पूर्ण लिही. आडनावासकट."

ती वहीवर वाकली आणि सावकाश, टपोऱ्या अक्षरात तिनं लिहिलं, दौलतराव पाटलांच्या बरोबर खाली.